अंथरुणावरचं माणूस, वीटभट्टीवरचा मुलगा : शहापूर-मुरबाडमधल्या दीर्घकालीन शुश्रूषेचा आढावा

म्हातारपणाचा विषय निघाला की मराठी वाचकाला 'नटसम्राट' आठवतं. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने वृद्धत्वाकडे कसं पाहायचं हे जणू आपल्याला ठरवून दिलं. एका बाजूला सगळं देऊन बसलेले आईबाप, दुसऱ्या बाजूला कृतघ्न मुलं. वृद्धाश्रमांवरचे लेख, दिवाळी अंकांतल्या कथा, ज्येष्ठ नागरिक संघांचे परिसंवाद बहुतेक त्याच वाटेने गेले. ते दुखणं खरं आहे आणि त्यावर लिहिलं गेलं हे योग्यच झालं. पण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पाऊल ठेवलं की ही चौकट अपुरी पडते. तिथल्या कातकरी वाडीत मुलाने बापाला घराबाहेर काढलेलं नसतं. मुलगा दिवाळीनंतर बायकापोरांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर गेलेला असतो आणि लकवा मारलेला बाप कुडाच्या घरात पडून असतो. कोणी कोणाला टाकलेलं नाही, तरी म्हातारा एकटा आहे. हा प्रश्न मुलांच्या संस्कारांचा नाही. पाणी, मजुरी, अंतर आणि बाईचे बिनपगारी कष्ट यांच्या वाटपाचा आहे, आणि म्हणून तो न्यायाचा आहे. पुढचा सगळा आढावा याच भूमिकेतून घेतला आहे.

दीर्घकालीन शुश्रूषा कोणाला लागते? अर्धांगवायू झालेल्याला, स्मृतिभ्रंश झालेल्याला, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णाला, झाडावरून पडून मणका मोडलेल्या तरुणाला, जुन्या मानसिक आजाराच्या माणसाला, जन्मापासून अपंग असलेल्या मुलाला. या सगळ्यांच्या बाबतीत औषधाचा भाग थोडा असतो. मोठा भाग असतो तो उठवण्याचा, बसवण्याचा, भरवण्याचा, कूस बदलण्याचा, घाण काढण्याचा, कपडे धुण्याचा आणि रात्री जागण्याचा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वृद्धत्वविषयक पाहणीत साठीपुढच्या दर चार माणसांपैकी जवळपास एकाला अंघोळ, कपडे, जेवण, शौच, चालणं यांपैकी किमान एका गोष्टीत अडचण असल्याचं दिसलं. त्याच पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासाने साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला, आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त निघालं. म्हणजे 'गावाकडचं म्हातारपण सुखाचं' ही आपली समजूत तपासून घ्यायला हवी.

२०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार होती, मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो आणि मुरबाडची ७७ गावं त्यात आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी तिकडे गेले. ठाण्याकडे आदिवासी भाग म्हणून मुख्यतः हे दोन तालुके राहिले. महापालिकांनी भरलेल्या जिल्ह्यात ते कडेला पडले. जिल्ह्याच्या कुठल्याही सरासरीत ते दिसत नाहीत, कारण ती सरासरी ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईच ठरवतात. ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी हे इथले आदिवासी. कुणबी आणि आगरी शेतकरी मोठ्या संख्येने. त्यांतले कातकरी सर्वांत कमी जमिनीचे आणि सर्वांत जास्त स्थलांतर करणारे. केंद्र सरकारच्या यादीत ते विशेष असुरक्षित आदिवासी गटात आहेत.

नकाशावर शहापूर-ठाणे अंतर पन्नास-साठ किलोमीटर भरतं. अंथरुणावरच्या माणसाचं अंतर मात्र पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत मोजायला हवं. डोळखांब, टोकावडे, कसारा या बाजूंना डोंगराच्या कुशीत असे पाडे आहेत, जिथून आजही आजाऱ्याला झोळीत घालून चौघं खांद्यावरून खाली आणतात. बाळंतिणीला झोळीतून नेल्याची बातमी वर्षातून एखाददा वर्तमानपत्रात येते. लकव्याच्या म्हाताऱ्याची येत नाही, कारण त्याला कोणी नेतच नाही. एकदा सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून पुढे पाठवलं, आठवड्याने घरी आणलं. त्यानंतरची पाच-सात वर्षं तो घरीच असतो आणि आरोग्यव्यवस्थेच्या लेखी जवळपास नसतोच.

आता पाण्याकडे येऊ, कारण माझ्या मते या भागातल्या शुश्रूषेचा निम्मा प्रश्न पाण्याचा आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून शहापूरचं पाणी मुंबईला जातं आहे. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा आज शहापूरच्याच भातसा धरणाचा आहे. मुरबाडच्या हद्दीतली गावं बारवी धरणाने गिळली आणि ते पाणी औद्योगिक वसाहतींना आणि खालच्या शहरांना मिळतं. याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. टंचाईवर लिहिताना आपण डोक्यावरचे हंडे मोजतो, घरात कोण आहे हे पाहत नाही. ज्या घरात लघवी-शौचावर ताबा नसलेलं माणूस आहे, तिथे दिवसातून तीनचारदा अंग पुसावं लागतं, गोधडी धुवावी लागते. धडधाकट कुटुंब चार हंड्यांत दिवस काढेल. या घराला दुप्पट हंडे लागतात, आणि ते आणणारी बाई तीच असते जिला म्हाताऱ्याजवळ थांबायचं असतं. ती विहिरीवर गेली की त्याची कूस बदलायला कोणी नाही, आणि जवळ थांबली की धुवायला पाणी नाही. पाठीच्या जखमा यातूनच होतात. डॉक्टर त्यांना शय्याव्रण म्हणतील, पण त्या जखमेचं एक कारण जलवाटपाच्या निर्णयात आहे. टँकर देताना गावची लोकसंख्या पाहतात. पाड्यावर अंथरुणाला खिळलेली किती माणसं आहेत हे कोणी विचारत नाही. विचारलं तर खर्च फार वाढणार नाही.

शुश्रूषा करतं कोण? सुनेचं, बायकोचं, लेकीचं, नातीचं नाव घ्यायचं आणि 'आपली संस्कृती' म्हणून विषय संपवायचा, असं आपण करत आलो. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या लहानांची, वृद्धांची, आजाऱ्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. वेळही तसाच विभागला गेला : बाईचे दिवसाला सुमारे १४० मिनिटं, पुरुषाचे ७४. पण शहापूर-मुरबाडची खरी अडचण सरासरीत मावत नाही. इथल्या बाईला काळजी आणि कमाई यांतलं एक निवडावं लागतं, आणि निवडीला जागा नसते, कारण मजुरीला न जाण्याचा पर्याय तिच्याकडे नसतोच. वीटभट्टीच्या मालकाने पावसाळ्यात उचल दिलेली असते. ती फेडायला जोडपंच लागतं. मग म्हातारीला बरोबर भट्टीवर न्यायचं की पाड्यावर ठेवायचं? भट्टीवर नेलं तर प्लॅस्टिकच्या झोपडीत धूळ आणि धूर. पाड्यावर ठेवलं तर शेजारणीवर भिस्त, आणि शेजारीण स्वतः सत्तरीची. कधी मधला मार्ग म्हणून दहा-बारा वर्षांच्या नातीला आजीजवळ ठेवतात आणि तिची आश्रमशाळा सुटते. एका पिढीची शुश्रूषा दुसऱ्या पिढीच्या शिक्षणातून वसूल होते.

याच ठिकाणी नीतीचा अवघड पेच उभा राहतो. स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी दिवसा उठून रानात चालू लागते. सून भात लावायला गेलेली. दार बाहेरून लावायचं? पायाला दोरी बांधायची? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारी माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी केली आहे आणि ते बरोबरच आहे. माणसाला बांधून ठेवणं हा अपमान आहे. पण त्या सुनेला गुन्हेगार ठरवून कोणता न्याय होईल? तिला पर्याय द्यायची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांनी ती घेतलेली नाही. म्हातारीला पाच तास सांभाळणारं कोणी पाड्यावर असतं, तर दोरी लागलीच नसती. कोणाच्या हातात किती शक्यता होत्या हे पाहिल्याशिवाय नीतीचा निवाडा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि तरीही शुश्रूषेचं कौशल्य या तालुक्यांतून शहराला मिळतच आहे. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी इथून पहाटेची कसारा लोकल पकडणाऱ्या बायकांत धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या असतात, तशा कल्याण, डोंबिवली, ठाण्यात म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या 'मावश्या'ही असतात. काही जणी ब्युरोमार्फत बारा तासांची पाळी करतात, काही चोवीस तास राहतात. ब्युरो आपलं कमिशन कापून घेतो. सुट्टी, आजारपण, म्हातारपण यांची हमी कोणी देत नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. परक्या घरातल्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्या या बाईला त्याचा हात अजून पुरेसा पोचलेला नाही. अमेरिकी विचारवंत जोन ट्रॉन्टो हिने १९९३ च्या 'मॉरल बाउंडरीज' या पुस्तकात एक मुद्दा मांडला होता : समाजातले सबळ लोक काळजी दुसऱ्याकडून करवून घेतात आणि तिची जबाबदारी आपल्यावर नाही असं समजण्याची सवलतही त्यांनाच मिळते. कसारा लोकलमध्ये हे रोज दिसतं. डोंबिवलीतल्या आजोबांना वेळेवर औषध देणारी बाई स्वतःच्या सासूला सकाळी आणि रात्रीच पाहते.

यात जातही आहे, ती झाकून चालणार नाही. स्वयंपाकाला बाई ठेवताना 'कोणाची' हे अजून हळू आवाजात विचारलं जातं. बेडपॅन उचलणाऱ्या बाईबद्दल तो प्रश्न सहसा निघत नाही. शरीराच्या मळाशी जोडलेलं काम कोणी करायचं हे या देशात फार पूर्वी ठरवलं गेलं, आणि शुश्रूषेला मोल न मिळण्याचं एक मूळ तिथे आहे. बाईचं काम आणि खालच्या मानलेल्या जातीचं काम, अशा दोन्ही शिक्क्यांनी ते स्वस्त झालं. त्याचबरोबर बदलापूर, कर्जत, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात 'निसर्गरम्य परिसर' म्हणून शहरी ज्येष्ठांसाठी खासगी निवास उभे राहत आहेत. जमीन इथली, हवा इथली, राबणारे हात इथले. गावातल्या म्हाताऱ्याला तिथे जागा परवडत नाही.

पैशाचा हिशेब मांडला की चित्र आणखी उघडं होतं. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत निराधार वृद्धाला महिना १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वय ६५ हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. महिन्याला १,७५० रुपयांत सगळं घर चालवणारं कुटुंब! २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एकाला शंभर दिवस काम मिळालं तर २९,७०० रुपये होतात, म्हणजे सरकारनेच दिलेल्या कामाने सरकारचीच मर्यादा ओलांडली जाते. मग तलाठ्याकडून खोटा दाखला मिळवायचा किंवा पेन्शन सोडायची, एवढंच हातात राहतं. गरिबाला खोटं बोलायला लावणारा नियम मला अनैतिक वाटतो. याच राज्याने २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजना आणली. तिथेही रक्कम १,५०० आहे, उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. बहिणींचं काढून घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण ६५ वर्षं पूर्ण झाली की हीच बाई त्या योजनेतून बाहेर पडते आणि तेवढ्याच पैशांसाठी तिला अडीच लाखांऐवजी २१ हजारांच्या दारातून आत यावं लागतं. हात थकल्यावर दार अरुंद करण्याला कोणतं समर्थन आहे?

वयाची अटही तपासावी लागेल. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात आदिवासींचं जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं नोंदलं आहे, इतरांचं ६७. जन्माच्या वेळच्या आयुर्मानात बालमृत्यूंचा परिणाम असतो, त्यामुळे हे आकडे थेट पेन्शनच्या वयाला लावता येत नाहीत. तरी ज्यांची शरीरं लहानपणापासून उपासमारीत आणि ओझ्याखाली झिजली, त्यांचं म्हातारपण पासष्टीची वाट पाहत नाही, हे समजायला आकडा लागत नाही. त्यात जन्माचा दाखला नाही, आधारवर अंदाजाने घातलेली जन्मतारीख, रापलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर न उमटणं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा तो वेगळाच. अंथरुणावरच्या माणसाने आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला तालुक्याला जायचं! मुरबाडला अजून रेल्वे नाही. जीप करून न्यायचं तर अनुदानाचा मोठा तुकडा भाड्यातच जातो. केंद्राचा वाटा तर ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी २००७ पासून २०० रुपयांवर थांबला आहे. २०२५ मध्ये राज्याने दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान अडीच हजारांवर नेण्याचा निर्णय घेतला, ते स्वागतार्ह पाऊल आहे. पण या सगळ्या योजना आजाऱ्याला पैसे देतात. त्याच्यामुळे जिची मजुरी बुडते, तिचा कुठेच उल्लेख नाही.

कायदा काय म्हणतो? २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळवण्याची सोय केली. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. शहापूरच्या माणसाने भिवंडीला, मुरबाडच्या माणसाने कल्याणला. फ्लॅट नावावर करून घेऊन आईला बाहेर काढणाऱ्या मुलाविरुद्ध हा कायदा उपयोगी आहे. भट्टीवर उचल फेडणाऱ्या मुलाविरुद्ध खटला करून मिळणार काय? याच कायद्यात राज्य प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रम 'स्थापू शकेल' असं म्हटलं आहे. 'स्थापलाच पाहिजे' असं नाही. जे धर्मादाय वृद्धाश्रम आहेत त्यांतल्या अनेकांची अट असते की येणारा स्वतःची कामं स्वतः करणारा हवा. जो अंथरुणावर आहे त्यालाच दार बंद.

आरोग्यव्यवस्थेकडून अपेक्षा ठेवायला कागदावर भरपूर जागा आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत वृद्धसेवा आणि वेदनाशामक सेवा आहेत. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरते, त्यात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहेत : चालताना तोल जातो का, जेवायला-कपडे घालायला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. एका फॉर्मचे तिला दहा रुपये मिळतात. 'हो, मदत लागते' असं उत्तर आलं की पुढे काय, याची घडी मात्र बसलेली नाही. याउलट नवजात बाळाचं पाहा. आशा ठरलेल्या दिवशी घरी जाते, बेचाळीस दिवसांत सहा भेटी देते, वजन करते, ताप पाहते, आणि तिला त्याचे २५० रुपये मिळतात. ही पद्धत महाराष्ट्रानेच देशाला दिली. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात मृत्यू कमी करून दाखवले आणि १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांमधून आरोग्यसेविका घडवल्या. घरी जाऊन कुशल सेवा देता येते हे या राज्याला कोणी नव्याने शिकवायला नको. आयुष्याच्या पहिल्या टोकाला जे जमलं, ते दुसऱ्या टोकाला करायचं आपण ठरवलेलं नाही, इतकंच.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. सत्तर वर्षांपुढच्या सर्वांना २०२४ मध्ये आयुष्मान कार्ड मिळू लागलं, तेही भरतीपुरतंच. मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकार भरेल. त्यानंतर लागणारी पाण्याची गादी, लघवीची नळी, डायपर आणि आठवड्यातून एकदा येणारी परिचारिका यांचे नाही.

वेदनेचा प्रश्न मी स्वतंत्र काढतो, कारण इथे नीतीची चर्चा शहर एका भाषेत करतं आणि पाडा दुसऱ्याच अवस्थेत असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये इच्छापत्राद्वारे जीवरक्षक उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. मुंबईत त्यावर गंभीर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण डोळखांबच्या वर कॅन्सरने कण्हणाऱ्या माणसापुढे व्हेंटिलेटर काढायचा की नाही हा प्रश्न नसतो. त्याला मॉर्फिनची गोळीच मिळालेली नसते. २०१४ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळवणं सोपं झालं. महाराष्ट्राचं वेदनाशामक सेवेचं धोरण २०१२ चं आहे. तरी गोळी मोठ्या शहराच्या रुग्णालयातच अडकलेली. अशा वेळी 'मला आता कुठे नेऊ नका' असं म्हातारं माणूस म्हणतं, तेव्हा ती त्याची इच्छा असते की मुलावर कर्ज नको म्हणून केलेला त्याग? दोन्ही असू शकतं. पण जिथे उपचार परवडतच नाहीत, तिथे नकाराला स्वेच्छा म्हणणं ही फसवणूक आहे. आधी पर्याय हाती द्यावा लागतो, मग निवडीचा मान राखता येतो.

चांगली शुश्रूषा म्हणजे काय हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, अंथरुणावर होत्या, आणि तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिलं नाही, याचा उल्लेख पुन्हा पुन्हा झाला. त्या परिचारिकांच्या मायेबद्दल आपण भरभरून बोललो. पण मायेच्या मागे पाळ्या होत्या, पगार होते, नळाला पाणी होतं, आणि एक थकली की दुसरी येत होती. पाड्यावरच्या सुनेत माया कमी नाही. तिच्याकडे दुसरी पाळी नाही.

मानसिक आजाराबद्दल थोडक्यात. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि दोन्ही तालुक्यांचा शेवटचा आधार तेच. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचवल्यावर गोळ्या सलग मिळत राहणं हाच पुढचा कस असतो, आणि भगताच्या आधी किंवा भगताच्या बरोबरीने का होईना, नियमित औषध पाड्यावर पोचलं तरच उपचार लागू पडतो.

बाहेर काय झालं? जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेसाठी सक्तीचा सामाजिक विमा आणला. आपल्याला त्याहून जवळची उदाहरणं पाहणं उपयोगाचं. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून केरळात शेजाऱ्यांनीच रुग्ण सांभाळण्याची चळवळ वाढली. २००८ मध्ये राज्याने धोरण केलं आणि पंचायतींवर घरभेटींची जबाबदारी टाकली. अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांना तिथे 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिना सहाशे रुपये ठरले. रक्कम तोकडी आहे, पण काळजी घेणारी व्यक्ती सरकारदरबारी अस्तित्वात आली. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब-मधुमेहाची औषधं, व्यायामोपचार आणि वेदनाशामक सेवा घरपोच सुरू केली. केरळासारखी दाट वस्ती आणि सबळ पंचायती आपल्याकडे नाहीत, हे खरं. पण आपल्याकडे दुसरं काही आहे. २००७ मध्ये आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. गावाने प्रगतिपत्रक भरायचं, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उभं करून जाब विचारायचा, हे इथल्या लोकांनी संघटनांच्या साथीने करून पाहिलं आहे. तेव्हा भर माता-बालकांवर आणि औषधसाठ्यावर होता. त्या पत्रकात 'पाड्यावर अंथरुणाला खिळलेले किती, त्यांच्याकडे महिन्यात कोण आलं' ही ओळ आता घालता येईल.

माझ्या मते पहिली गरज काळजी घेणाऱ्याला भत्त्याची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी सेवकभत्त्याची तरतूद आहेच. राज्याने ती वृद्धांपर्यंत वाढवून किमान बुडालेल्या मजुरीच्या अर्ध्याइतकी तरी करावी. यावर दोन आक्षेप येतात. पैसे दिले की माया आटेल, हा पहिला. सासूची घाण काढणाऱ्या बाईच्या हातात पैसे आल्याने माया आटते, आणि नवऱ्याला पगार मिळाल्याने संसार आटत नाही, हा कुठला न्याय? दुसरा आक्षेप वजनदार आहे : भत्त्यामुळे बाई कायमची उंबऱ्याआड अडकेल. म्हणून भत्त्याबरोबर विसावाही हवा. पाड्यावर प्रशिक्षित, पगारी 'सेवासखी' असावी, जी आठवड्यातले काही तास जागा घेईल आणि पुरुषांनाही हे काम शिकवेल. हे काम पुन्हा आशाताईच्या डोक्यावर टाकू नये. तिच्याकडे आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे आणि मानधनासाठी तिला संपावर जावं लागतं.

पैसा कुठून येणार? अनुसूचित, म्हणजेच 'पेसा' कायद्याच्या, क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा २०१५ पासून थेट मिळतो आणि आरोग्य हा त्याच्या मान्य खर्चांपैकी एक आहे. शहापूरच्या सगळ्या आणि मुरबाडच्या ७७ गावांच्या ग्रामसभांकडे हा निर्णय घेण्याची ताकद आज आहे. एवढ्याने भागणार नाही. उत्पन्नाची २१ हजारांची अट काढणं आणि मॉर्फिन ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणणं हे राज्यालाच करावं लागेल. भातसा-तानसाचं पाणी पिणाऱ्या महापालिकांनी या तालुक्यांच्या शुश्रूषेसाठी वार्षिक निधी द्यावा, ही मागणीही उघडपणे मांडायला हवी, आणि ती दया म्हणून नव्हे, देणं म्हणून. शहापूर-मुरबाडमधल्या वाचकांना माझी विनंती आहे : येत्या १ मेच्या ग्रामसभेत आपल्या प्रत्येक पाड्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची यादी वाचून दाखवा, ती इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पेसा निधीतून सेवासखीच्या पगाराचा ठराव त्याच बैठकीत मांडा.